मोकळं मनगट

आमचं गाव निपाणीच्या अलीकडं, गाव म्हणजे काय, चार गल्ल्या आणि एक बाजार, त्या बाजारात माझा बा बांगड्यांचं दुकान मांडायचा, दुकान म्हणजे पोतं अंथरलेलं आणि त्यावर काचेच्या बांगड्यांच्या माळा, आम्ही कासार, माझा आजा तेच करत होता, पणजा तेच, आणि मला जिथं दिली तिथं पण तेच. नाव माझं चंद्रकला, पण बंगळूरात मला नावानं कोण हाक मारतंय, इथं सगळी बळे अक्का म्हणतात, बळे म्हणजे कन्नडात बांगड्या. लग्न करून आले तेव्हा कन्नड येत होतं थोडं थोडं, आमच्या सीमेवर सगळ्यांना दोन्ही येतं, पण इथलं कन्नड निराळं, पहिलं वर्षभर मी नुसतं सरी सरी, म्हणजे बरं बरं, म्हणून मान हलवायची. इथल्या शिवाजीनगरात मालकांचं दुकान आहे, बस स्टँडाच्या मागच्या बोळात, आणि राहायला आम्ही के. आर. पुरमला. मालक म्हणजे आमचे हे, नवरा. आमच्यात नाव घेत नाहीत.

तुम्ही वही घेऊन बसलात आणि म्हणालात कोडाचं सांगा, गोळ्यांचं सांगा. सांगते की ओ. पण आधी हाताचं सांगितल्याशिवाय गोळ्यांचं कळायचं नाही तुम्हाला.

बांगडी विकणं वेगळं आणि बांगडी भरणं वेगळं. विकायला काय, कोणी पण विकेल, मोबाईलवर पण विकतात आता. भरायची म्हणजे बाईचा हात आपल्या हातात घ्यायचा, अंगठ्याखालचं हाड दाबून आत घ्यायचं, तळवा अरुंद करायचा, आणि बोलत बोलत बांगडी वर चढवायची, तिला कळायच्या आत. बोलत राहावं लागतंय बघा, नाहीतर ती हात ताठ धरते आणि काच लागते. म्हणून सगळं बोलतात माझ्याजवळ, सासूचं, नवऱ्याचं, नणंदेचं, आईजवळ सांगत नाहीत ते माझ्याजवळ सांगतात, कारण हात दिलेला असतोय ना. माझ्या धंद्यात भांडवल म्हणाल तर एवढंच, बायका मला हात देतात.

आणि त्याच हातावर आलं की हो ते.

पहिला डाग उजव्या हाताच्या बोटाच्या टोकाला, नखाच्या कडेला, मला वाटलं चुना लागलाय, मालक पान खातात, मी धुतलं, घासलं, परत धुतलं, जात नाही. मग शेजारच्या बोटाला. मग दोन्ही पायांच्या घोट्याला, मग मानेवर, मग ओठाच्या कोपऱ्यात. दर पंधरा दिवसांनी कुठंतरी नवीन. कोणी म्हणालं दही बंद कर, केलं. मासे बंद कर, केले. कोणी बावचीचं तेल दिलं, ते लावून उन्हात बसले तर फोड आले नुसते, फोड बरे झाले आणि त्या जागी पण पांढरंच. असं सगळं करून झालं आणि ते आपलं पसरालंय.

गिऱ्हाइकं बोलत नाहीत तोंडावर, पण हात द्यायच्या आधी थांबतात. तेवढं थांबणं कळतं मला, आयुष्य गेलं त्यात. इंदिरानगरात एक मोठं घर आहे, कन्नड घर, त्यांच्या तीन मुलींना लग्नात बांगड्या मी भरल्या, सातव्या महिन्यात पण मी भरल्या. धाकट्या सुनेच्या वेळी गेले तर थोरल्या बाई मला बाजूला घेऊन अगदी हळू, अगदी मायेनं म्हणाल्या, अक्का, तुम्ही ताटात ठेवा बांगड्या, आमच्या आम्ही घालून घेतो, स्वल्प ॲडजस्ट करा, म्हणजे थोडं सांभाळून घ्या. मी ठेवल्या ताटात. चहा दिला त्यांनी, तो कागदाच्या कपात. मी तो पिले नाही. घरी आले आणि मालकांना म्हणाले, हे थांबायला पाहिजे. जे गेलंय ते गेलं, काळं होऊदे का न होऊदे, पण आता पुढं एक इंच जाऊ द्यायचं नाही, काय लागेल ते करायचं. मालक म्हणाले, उद्याच जाऊया.

गेलो मोठ्या दवाखान्यात, कातडीच्या विभागात. तिथली डॉक्टरीण बाई धारवाडकडची, वयानं माझ्या पोरीएवढी, बोलायला कडक पण मनानं चांगली. तिनं दिव्याखाली सगळं बघितलं, निळसर उजेड असतोय तो, त्यात डाग चमकतात, मला तर बघवेना. ती म्हणाली, अक्का, एक कोड थांबलेलं असतंय आणि एक चालणारं असतंय, तुमचं चालालंय. चालणाऱ्याला नुसतं मलम पुरत नाही, पोटातनं औषध द्यावं लागतंय. आधी आग विझवूया, घर रंगवायचं नंतर बघूया. मला ते पटलं. मी म्हणाले, मला पण तेवढंच पाहिजे, विझवा.

मग तिनं सांगितलं कायकाय गोळ्या आहेत ते. एक स्टेरॉइडची, आठवड्यातले दोनच दिवस घ्यायची, शनिवार-रविवार, बाकीचे दिवस नाही, काही महिने द्यायची आणि बंद करायची. एक मेथोट्रेक्सेट म्हणून, ती आठवड्यातनं एकदाच, आणि तिच्याबरोबर वेगळ्या दिवशी फॉलिकची गोळी, आणि मधे मधे रक्त तपासायचं, लिव्हर बघायला. एक जंतूवरची गोळी असते ती पण काहीजणांना देतात, रोज. आणि एक नवीन आलेली, चांगली आहे म्हणे, पण आमच्यासारख्यांच्या आवाक्यातली नाही, तिलाही तपासण्या लागतातच. मी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, यातली बेस्ट कुठली ते सांगा, तीच द्या. ती हसली. म्हणाली, अक्का, मोठे मोठे डॉक्टर ताडून बघालेत, ही का ती, सगळ्यांसाठी एकच पहिली असं नाही म्हणता येत. कुणाला काय सोसतंय, कुणाला साखर आहे, कुणाला मूल पाहिजे, ते बघून द्यावी लागते. मला राग आला खरं सांगायचं तर. दुकानात बाई आली आणि कुठली बांगडी चांगली विचारलं तर मी सांगते की नाही? मग ही एवढी शिकलेली बाई का सांगत नाही? पण आता कळतंय, मी पण आधी हात बघते, मग सांगते.

तिनं पहिली स्टेरॉइडची दिली. शनिवार-रविवार. आता शनिवार-रविवारच आमच्या धंद्याचे दिवस, लग्नं, ओटीभरण सगळं त्या दिवशीच, पण म्हटलं घ्यायची म्हणजे घ्यायची. नाश्ता करून घ्यायची, उपाशीपोटी नाही, म्हणून माझा शनिवारचा उपवास सोडला मी, कित्येक वर्षांचा. मारुतीला म्हणाले, तू समजून घे. आणि खरं सांगते, नवीन डाग यायचे कमी झाले. मान थांबली. ओठ थांबला. पण तोंड सुजल्यासारखं गोल गोल झालं, त्या दोन रात्री झोप नाही, डोळे टक्क उघडे, आणि साखर माझी आधीच कडेला होती ती वर गेली. डॉक्टरीण बाई म्हणाली, ही तुम्हाला नको. हळूहळू बंद करून मेथोट्रेक्सेट सुरू केली. ते नाव नीट यायलाच मला दोन महिने लागले. ती घेतली की दुसऱ्या दिवशी मळमळतंय, तोंड कडू, पण झोप येते, साखर खाली. ती बजावून बजावून सांगायची, आठवड्यातनं एकदा म्हणजे एकदा, रोज घेतली तर जिवावर बेतेल. मालकांनी बुधवार ठरवला. दर बुधवारी जेवण झालं की ते माझ्या समोर उभे राहायचे, घेतलीस? घेतली. तोंड उघड. मी म्हणायचे, मी काय लहान पोर आहे?

तिथंच दवाखान्यात मुग्धा भेटली. पुण्याची पोरगी, कंप्युटरमधली, आमच्याच के. आर. पुरमला राहते, उंच बिल्डिंगीत. बाकावर बसून फोनवर आईशी मराठी बोलालती म्हणून मी विचारलं, पुण्याचीस का गं, तर ती रडायलाच लागली. कपाळावर आणि पापणीवर होतं तिच्या, पापणीचे केस पण पांढरे. तिला पण तीच गोळी, आठवड्याची. मग आम्ही एकाच वारी यायला लागलो, आत जाऊन आलो की बाहेर एकमेकींना विचारायचं, तुझं कसं, माझं असं, तुझं लिव्हर कसं, माझं बरं आहे. ती मला काकू म्हणते. तिचं थांबलं. अगदी थांबलं, दर वेळी डॉक्टरीण बाई म्हणायची स्टेबल, स्टेबल. आणि माझं, मान थांबलेली, पाय थांबलेले, पण मनगटाला नवीन यायचंच. आधी दोन्ही मनगटांवर ठिपके, मग ठिपके मिळून पट्टे झाले, गोल, अगदी बांगडीसारखे गोल.

आता बघा मी काय केलं होतं. हातावरचे डाग लोकांना दिसतात म्हणून मी माझ्या हातात बांगड्या वाढवल्या होत्या. पूर्वी अर्धा डझन घालायची, मग डझन, मग त्याच्या वर अजून, घट्ट, म्हणजे सरकून खालचं दिसायला नको. भरगच्च हात. लोक म्हणायचे काय शोभतंय अक्का. दवाखान्यात तपासताना पण मी बांगड्या नुसत्या वर ढकलायची, काढायची नाही. डॉक्टरीण बाईनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, अंगाला काही घासू देऊ नका, जिथं घासतंय तिथं चालणारं कोड नवीन डाग काढतंय. ते मी सगळं ऐकलं होतं. परकराची नाडी सैल केली, चपलीचा पट्टा बदलला, उटणं लावून घासायचं बंद केलं. बांगडी घासते असं माझ्या मनातच आलं नाही. मनात कसं येणार, सांगा? मला कळायला लागल्यापासून बांगडी माझ्या हातात आहे. ती मला घातलेली वस्तू वाटतच नाही, माझंच कातडं वाटतं.

त्या दिवशी डॉक्टरीण बाई कागद बघालती. म्हणाली, अक्का, दुसरी गोळी पण पुरी पडेना असं दिसतंय, अजून एखादी जोडायची का बदलायची ते मोठ्या सरांना विचारते. म्हटलं दोन झाल्या, आता तिसरी, मग चौथी, आणि तोपर्यंत माझा हात पांढरा फेक होणार आणि मी दुकानात नुसती गल्ल्यावर बसणार. मी म्हणाले, द्या कुठली पण, मी घेते, पण थांबवा. तशी ती माझा हात धरून बघायला लागली, परत बघितलं, आणि म्हणाली, बांगड्या काढा. मी म्हटलं वर करते. म्हणाली, वर नको, काढा, सगळ्या. मी म्हटलं, नाही काढणार, माझे मालक बाहेर बसलेत, जिवंत आहेत. ती म्हणाली, अक्का, तुमची गोळी काम करालीय, तुम्ही तिला करू देईनात. मान बघा, पाय बघा, तोंड बघा, सगळं थांबलंय. फक्त बांगडीच्या खालचं चालालंय. गोळी बदलायची गरज नाही, बांगडी काढायची गरज आहे.

मी तशीच उठून बाहेर आले. मालकांना नुसतं चला म्हणाले. मुग्धा हाक मारालती काकू काकू, मी थांबले नाही. बसमध्ये खिडकीकडं तोंड करून बसले. वाटलं, कासाराच्या घरात जन्मले, कासाराच्या घरात आले, कुंकू माझं समोर आहे, आणि मी भुंड्या हातानं फिरायचं? बायका काय म्हणतील? आधीच डाग, त्यात रिकामा हात.

घरी आल्यावर मालकांना सांगितलं. ते मोरीत गेले, तांब्यात पाणी आणि साबण घेऊन आले, माझ्यासमोर पाट घेतला आणि बसले. म्हणाले, दे हात. मी म्हणाले, अहो, तुम्ही असताना? तर म्हणाले, मी आहे का नाही हे त्या काचेला काय विचारतीस, मला विचार. मग मला रडू आलं आणि हसू पण आलं. जन्मभर त्या माणसानं बायकांच्या हातात बांगड्या भरल्या, माझ्या लग्नातल्या पण त्यांच्या आईनं भरल्या, त्यांनी नाही, त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी माझा हात तसा धरला. साबण लावून, अंगठ्याचं हाड आत दाबून, एक एक करून काढली. एक पण फुटू दिली नाही. सगळ्या दोऱ्यात ओवून देवाजवळ ठेवल्या आणि म्हणाले, झालं, आता गोळीला तिचं काम करू दे.

मग तसंच झालं. काही महिन्यांत मनगट थांबलं. काळं झालं नाही अजून, थोडे थोडे काळे ठिपके आलेत मधे मधे, केसांच्या मुळाशी, मलम लावते, दवाखान्यात दिव्याचा उजेड घ्यायला जाते, पण ते जाऊदे. थांबलं. मी म्हणाले होते थांबायला पाहिजे, आणि थांबलं.

आणि मी पण एक ठरवलं. आता मी ताटात ठेवत नाही. ज्या घरी बोलावतात तिथं आधीच सांगते, माझ्या हातावर कोड आहे, ते लागत नाही, शिवल्यानं होत नाही, आणि मी बांगडी हातात भरते, ताटात ठेवत नाही. पाहिजे तर बोलवा, नाहीतर राहिलं. इंदिरानगरचं ते घर सुटलं. अजून काही सुटली. मालक म्हणाले, एवढं ताठ राहून धंदा चालायचा नाही. मी म्हणाले, नाही चालला तर नाही. पण चाललाय बघा, रडतखडत का होईना चाललाय. शिवाजीनगरातल्या भाजीवाल्या बाया, शिवणवाल्या बाया, त्या सगळ्या येऊन हात पुढं करतात, त्यांना डागाशी काही देणंघेणं नाही, त्यांना बांगडी टिकाऊ पाहिजे.

मुग्धाचं सांगायचं राहिलं. तिला मूल पाहिजे होतं. आणि ती गोळी चालू असताना मूल चालत नाही, बाळाला धोका असतोय, गोळी सोडून काही महिने थांबायचं आणि मगच बघायचं. माझं वय गेलेलं, माझ्यासाठी ती गोळी बरी. तिच्यासाठी तीच गोळी आड आलेली. माझ्या घरी येऊन बसली, म्हणाली, काकू, आता कुठं थांबलंय हो, सोडली तर परत चालू होईल, मी काय करू. माझं असं झालं म्हणून तू असं कर, हे मला म्हणता येईना, तेव्हा मला डॉक्टरीण बाईचं हसणं आठवलं. मी म्हणाले, रात्री झोपताना तुला जास्त कशाची आठवण येते, डागाची का बाळाची, ते तुझं तू बघ. तिनं गोळी सोडली. आणि चालू झालंच की ते परत, दुसऱ्या भुवईवर, हनुवटीवर. पण डगमगली नाही पोरगी. उजेड घेते, डॉक्टरीण बाईनं त्याला चालेल म्हणून सांगितलंय, मलम लावते, ऑफिसला जाते, मग तिला दिवस गेले, सातवा महिना लागला आणि फोन आला, काकू, बांगड्या भरायला तुम्हीच यायचं.

गेले. पुण्याहून सगळी आलेली, आई, सासू, आत्या, मावशा, हॉल भरलेला. मुग्धा हिरवी साडी नेसून चौरंगावर. मी तिचा हात घेतला, सुजलेला होता थोडा, आणि बांगडी एक नंबर मोठी काढली. तिची सासू म्हणाली, सैल होते ना हो. खरं आहे, आमच्यात सैल बांगडी भरली तर नवशिकी म्हणतात, मनगटाला बेताची बसली पाहिजे. मी म्हणाले, होऊदे सैल, हिला घासायला नको. मुग्धा माझ्याकडं बघून हसली. मग रीतीप्रमाणं तिच्यानंतर बाकीच्या सवाष्णी. सासू बसली. तिचा हात गार पडलेला, पण बसली. मग आई बसली, मावशा बसल्या. आत्या म्हणाल्या, मला द्या, मी नंतर घालते. मी बांगड्या परत पेटीत ठेवल्या. म्हणाले, आत्याबाई, मी भरून जाते, देऊन जात नाही. त्या नाही बसल्या. नाही तर नाही. मुग्धाला मुलगी झाली, आता रांगते, मुग्धाचं दूध पाजणं संपलं की परत डॉक्टरीण बाईकडं जाणार आहे, कुठली गोळी ते तेव्हा ठरेल, पोरीचे गाल मात्र असे आहेत की काय सांगू तुम्हाला.

माझी गोळी आता कमी केलीय. परवा रक्त द्यायचंय. परत येईल का, येऊ पण शकतं, डॉक्टरीण बाई स्पष्ट सांगते, हे असंच असतं. आलं तर परत जाऊ, परत घेऊ, आता वाट ठाऊक झालीय.

एवढं सगळं लिहून घेतलंत, बाई, आणि तुमचा हात तर रिकामा. ते लिहायचं ठेवा बाजूला. या, अशा समोर बसा. कुठला रंग, मोरपंखी घालूया? द्या हात. असा ताठ नको, सैल सोडा, बोलत राहा माझ्याशी. हं, आता दुखायचं नाही. सुखी राहा.